मानेच्या हालचालीतून संगीत

हार्मोनियम वाजवावयाची तर एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या सांभाळाव्या लागतात. ज्या अपंग मुलाची केवळ मानच इच्छेनुसार वळते, त्याने काय करावे? अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी सहकाऱ्यांसह या प्रश्नावर काम सुरू केले. त्यातून सिद्ध झालेल्या संगणकीय वाद्यात कॅमेरा चेहऱ्यावरील एका बिंदूचा मागोवा घेतो. तो बिंदू पडद्यावरील ठरावीक चौकटीत शिरला की सूर उमटतो. किती हालचालीला ध्वनी निघावा, हे मुलागणिक ठरविता येते. खरी कसोटी येथेच आहे. वाद्य अतिसंवेदनशील ठेवल्यास अनैच्छिक कंपानेही सूर निघतात. मग मूल वाजवीत नाही, यंत्रच वाजत राहते. म्हणून शिक्षकांनी प्रथम पाहावे ते हे की, मुलाला हवे तेव्हा थांबता येते काय.