उंबऱ्यापासून वेशीपर्यंत

मनू, मंगळवारी रात्री तुझे फोन आले तेव्हा मी बसमध्ये होते. घाटात रेंज नव्हती. घरी पोचून फोन लावला तर आई म्हणाली, रडून रडून आत्ताच झोपलीय. फॉर्मची शेवटची तारीख, फी भरायचं पान अर्धं उघडलेलं आणि नेट गायब. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे बसून तू फॉर्म भरलास, मुदत एक दिवस वाढली होती म्हणून निभावलं. पण मग लॅपटॉप घेऊन दुकानात गेलीस आणि तिथल्या माणसाने मशीन चालू करूनही न बघता सांगितलं, "हे लिनक्स काढा, विंडोज टाकून देतो, फॉरमॅट मारावं लागेल." तेव्हापासून तू त्या लॅपटॉपला हात लावायला घाबरतेस, हे मला लागून राहिलंय. त्यावर लिनक्स मिंट मी माझ्या हाताने चढवलंय. तुला तो देताना वापरायला शिकवला, पण अडल्यावर काय करायचं ते शिकवलं नाही. ते आज सांगते.

"नेट गेलं" म्हणजे काहीच सांगितल्यासारखं नाही बघ. लहानपणी पोट दुखायला लागलं की आई आधी विचारायची, कुठे दुखतंय? बेंबीपाशी की कुशीत? जेवणाआधी की नंतर? मग ओवा द्यायचा की डॉक्टरकडे न्यायचं ते ठरायचं. इथेही तसंच. तुझ्या लॅपटॉपपासून त्या फीच्या पानापर्यंत मध्ये पुष्कळ ठिकाणं आहेत: लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड, मधली भिंत, राउटर, फायबरचा डबा, गल्लीतली तार, कंपनी, आणि मग ती वेबसाइट. यातलं एकच कुठलंतरी अडलेलं असतं. उंबऱ्यापासून सुरुवात करायची आणि वेशीपर्यंत जायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र मनावर कोरून ठेव. चार गोष्टी एकदम हलवल्या की नेट आलं तरी कशाने आलं ते कळत नाही, आणि नाही आलं तर आपणच नवीन घोळ घातलेला असतो.

लॅपटॉपला हात लावायच्या आधी फोन घे. त्यातला मोबाइल डेटा बंद कर, फक्त घरचं वायफाय ठेव, आणि आधी न उघडलेलं एखादं पान उघडून बघ. डेटा बंद करायला विसरू नकोस. फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि आपल्याला वाटतं वायफाय ठीक आहे. फोनवरही पान उघडलं नाही तर लॅपटॉपचा दोष नाही. मग जिन्याखालच्या डब्याकडे जा. त्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल दिसला तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. ती तार काचेची असते गं. झाडताना ओढली गेली, खिळ्याला अडकून काटकोनात वाकली, की आतला प्रकाश बाहेर गळतो. तार सैल आणि गोल वळणात असू दे, दुमडू देऊ नकोस. तरीही दिवा लालच राहिला तर तक्रार नोंदवायची, तुझं काम तिथे संपलं. आणि लाइट गेलेले असतील तर डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत ना, तेही बघ.

फोनवर नेट आहे आणि लॅपटॉपवर नाही, असं असेल तरच पुढचं. कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबलंस की काळी खिडकी उघडते. तिला भिऊ नकोस. मी सांगते त्यातल्या बहुतेक कमांड नुसत्या विचारपूस करणाऱ्या आहेत, त्या काही बदलत नाहीत, काही पुसत नाहीत.

पहिली: आय-पी, मग जागा सोडून ए. दोन-तीन परिच्छेद येतील. 'एलओ' नावाचा पहिला सोडून दे, ती मशीनची स्वतःशी बोलायची वाट आहे, तिथे कायम १२७.०.०.१ असतं. 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारं नाव वायफायचं, 'ईएन'ने सुरू होणारं वायरचं. वायफायच्या खाली 'आयनेट' शब्दापुढे १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर राउटरने तुला घरात जागा दिलीय. काहीच आकडा नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर जागा मिळालेली नाही. १६९.२५४ चा पत्ता मशीनने कोणी काही देत नाही म्हणून स्वतःच घेतलेला असतो, त्यावर बाहेरचं काही चालत नाही. अशा वेळी वायफाय बंद करून पुन्हा जोड. नाहीच झालं तर राउटरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू कर.

वायफायची नावंच दिसत नसतील तर आर-एफ-किल, जागा, लिस्ट. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे यस असेल तर कीबोर्डवरची टॉवरच्या चित्राची कळ चुकून दाबली गेलीय. ती पुन्हा दाब. मला हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा कीबोर्ड पुसताना.

आता सगळ्यात उपयोगी कमांड, पिंग. पाणबुडी आवाज सोडते आणि तो आदळून परत येईपर्यंत किती वेळ लागला त्यावरून पुढे काय आहे ते ओळखते, त्या आवाजावरून हे नाव पडलं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला, तोही एका रात्रीत, कारण त्याच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागत होतं आणि दोष कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं. तुझ्यासारखाच अडला होता तो. इतक्या वर्षांनीही आपण तेच वापरतो.

तीनदा पिंग करायचं. पहिलं राउटरला. राउटरचा पत्ता कळायला आय-पी, जागा, राउट लिही. 'डीफॉल्ट व्हाया' पुढचा आकडा तो, आपल्याकडे १९२.१६८.१.१. मग पिंग, जागा, वजा चिन्ह आणि सी, जागा, ४, जागा आणि तो आकडा. म्हणजे चारच हाका मारून थांबेल. वजा-सी विसरलीस तर लिनक्समध्ये पिंग थांबतच नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचं. दुसरं पिंग ८.८.८.८ ला. हा गूगलचा सर्वांसाठी खुला असलेला पत्ता आहे, २००९ पासूनचा, लक्षात ठेवायला सोपा. तिसरं एखाद्या नावाला, विकिपीडियाला कर.

राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरातच. राउटर बोलतोय पण ८.८.८.८ गप्प, तर बहुधा राउटरच्या पलीकडे, मग फोनवरचं नेटही पुन्हा एकदा तपास. आणि ८.८.८.८ बोलतंय पण नावाला उत्तर नाही, तर नेट चालू आहे, फक्त नावाचा आकडा करून देणारी सोय बंद पडलीय. तिला डीएनएस म्हणतात. पूर्वी हे काम एकाच फाइलमध्ये व्हायचं. जगातल्या सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं आणि आकडे अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत लिहून ठेवलेले असायचे आणि बाकीचे त्याची नक्कल उतरवून घ्यायचे. नावं वाढली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने ही नवी रचना मांडली. तर डीएनएस अडलं असेल तेव्हा वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद कर, तिथे १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे दोन आकडे स्वल्पविराम देऊन लिही, आणि वायफाय काढून पुन्हा जोड. बस.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझ्या हातून ती होऊ नये. पुण्याच्या खोलीवर असताना प्रिंटरसाठी मी या लॅपटॉपला एक पक्का पत्ता बांधून दिला होता, १९२.१६८.०.५०. दिवाळीत घरी आले, केबल लावली, नेट नाही. लिनक्समध्ये वायफायच्या प्रत्येक नावाची नोंद वेगळी राहते, पण वायरच्या जोडणीची नोंद सहसा एकच असते, केबल कुठल्याही घरात लावा. त्यामुळे पुण्याचा पत्ता इथेही तसाच चिकटलेला. आय-पी राउट एकदा बघितलं असतं तर तिथे १९२.१६८.०.१ लिहिलेलं दिसलं असतं, आणि आपल्या राउटरखालच्या चिठ्ठीवर १९२.१६८.१.१ आहे, हे लगेच जुळवता आलं असतं. मी काही न बघता राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून धरली. राउटर कोरा झाला. कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड त्यातून गेले, ते लिहून ठेवलेले नव्हते, आणि सणाच्या दिवसांत माणूस यायला दोन दिवस लागले. भाऊबीजेला आजीला अमेरिकेतल्या मामाशी बोलायचं होतं, ती नवी साडी नेसून खुर्चीत बसून राहिली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ते भोक कधी दाबायचं नाही, मनू. बटण बंद-चालू करणं वेगळं आणि ते भोक वेगळं. नवीन युजरनेम-पासवर्ड मी आईच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेत.

अपडेट केल्यावर वायफाय नाहीसं झालं तर घाबरून काही उडवू नकोस. मशीन सुरू होताना शिफ्टची कळ धरून ठेव, नाहीतर एस्केप दाब. यादी आली की 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन आधीचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवड. लिनक्स जुनं कर्नल ठेवून देतं ते याचसाठी. आणि कुठलंही वायफाय नसताना फोन चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलंस तर लिनक्स सहसा काही न मागता त्यावरून नेट घेतं. मंगळवारी हे तुला माहीत असतं तर फॉर्म दहा मिनिटांत भरून झाला असता. त्याची हळहळ मला जास्त आहे.

पिंग सगळीकडे जातंय पण प्रत्येक पान 'सुरक्षित नाही' म्हणतंय, असं झालं तर कोपऱ्यातली तारीख बघ. जुन्या मशीनची आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ वर्षानुवर्षं मागे जातं, आणि वेबसाइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला लागूच नसतं. तारीख-वेळ आपोआप घ्यायची सोय चालू ठेव.

आता मंगळवारचं. मी आईला खोदून खोदून विचारलं. तुझं नेट गेलं तेव्हा बाबा बाहेर त्याच वायफायवर मॅच बघत होते आणि ती अडकली नाही. म्हणजे डबा, तार, कंपनी, राउटर, सगळं ठीक होतं. तू मधल्या खोलीत दार लावून बसली होतीस. बुधवारी सकाळी ओसरीवर लॅपटॉप उघडलास तेव्हा काही न करता नेट आलं. आपल्या मधल्या खोलीची भिंत दीड हात जाड आहे, दगडाची. राउटर एकाच नावाने दोन लहरी सोडतो, एक ५ गिगाहर्ट्झची, वेगवान पण भिंतीत विरणारी, आणि एक २.४ ची, सावकाश पण आरपार जाणारी. मला दाट शंका आहे की तुझा लॅपटॉप ५ ला चिकटून बसला होता. विंडोज टाकलं असतं तरी ती भिंत तिथेच होती.

खात्री करून घेऊ. आज संध्याकाळी मधल्या खोलीत बस आणि एन-एम-सी-एल-आय, जागा, डिव्हाइस, जागा, वायफाय लिही. आपल्या नावापुढे 'चॅन' खाली आकडा दिसेल. १ ते १३ मधला असेल तर २.४, ३६ किंवा त्याच्या पुढचा असेल तर ५. डावीकडे फुलीसारखी खूण असलेली ओळ म्हणजे आत्ता जोडलेली. मग राउटरला वीस पिंग पाठव, चारच्या जागी २० लिहून. शेवटी 'पॅकेट लॉस' किती टक्के ते वहीत लिही. ओसरीवर जाऊन हेच पुन्हा कर. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही, तारीख घालून. इंग्रजी संदेश आला तर जसाच्या तसा उतर, नाहीतर स्क्रीनचा फोटो काढ. 'काहीतरी एरर आली' असं मला सांगू नकोस, त्यावरून मला काहीच कळत नाही. आणि कुणी सुडोने, म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायच्या अधिकाराने, सुरू होणारी एखादी लांबलचक ओळ पाठवून 'हे टाक, होईल' म्हटलं, तर ती काय करते हे समजल्याशिवाय एंटर मारू नकोस, आधी मला दाखव.

मधल्या खोलीत निम्मे पिंग हरवले आणि ओसरीवर सगळे परत आले तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'बँड' ला २.४ करून बघू, ते मी फोनवर सांगेन. तोपर्यंत परीक्षेचं काही महत्त्वाचं असेल तर माळ्यावरच्या निळ्या पिशवीत माझी लॅन केबल आहे, पंधरा मीटरची, एका टोकाची खिट्टी तुटलीय तरी चालते. ती जिन्यावरून दाराच्या फटीतून आत येते, मी मोजून आणली होती. साडेआठला जेवण झालं की फोन कर, वही हातात घेऊनच.