माळावर निघालीस, तर

पोरी, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात वनस्पतींचा नकाशा करायला निघालीस, ऐकून फार बरं वाटलं. आपल्या लोणीहून मोरगाव ओलांडलं की सुपं आलंच. १९९७ साली जाहीर झालेलं हे रान अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. दोन दिवसांत उरकेल, असं तुलाही वाटत असेल. पण लहान गोधडीत चुकलेलं ठिगळ आधी दिसतं गं.

१. वनखात्याची लेखी परवानगी काढ नि तिची प्रत पिशवीत ठेव — अभयारण्यातली काडी उचलायलाही परवानगी लागते, आणि ओळखीच्या वनरक्षकाची कधी बदली होईल ते सांगता येत नाही.

२. आषाढ, आश्विन, चैत्र अशा तीन खेपा कर — कंदवाल्या वेली पहिल्या पावसानंतर वर येतात, गवत तुऱ्यावर आल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि उन्हाळ्यात काय हिरवं राहतं ते चैत्रातच कळतं.

३. उपग्रहाचं चित्र एकट्या मे महिन्याचं घेऊ नकोस, ऑक्टोबरचंही जोडीला घे — वाळलेलं गवत नि उघडा मुरूम वरून जवळजवळ सारखेच दिसतात.

इथं मी फसलो होतो. दुसऱ्याच एका माळाचा नकाशा करताना अशी एक जागा कोरी सोडली नि तिच्यावर 'पडीक' लिहिलं. पुढच्या पावसाळ्यात तिथं रोपांसाठी खड्डे पडले. पवन्या गवताचे जुने ठोंब मुरमात उलटे पडलेले पाहिले, तेव्हा माझ्या एका शब्दाचं वजन कळलं. ते अजून मनातून जात नाही.

४. म्हणून गवत असेल तिथं 'गवताळ माळ' असंच लिही नि खाली गवतांची नावं दे — माळ मोकळा असतो, रिकामा नसतो. चिंकाऱ्याला लांडगा लांबून दिसायला हवा, नि गर्द झाडी लावली की तेच हुकतं.

५. गवतासाठी एक मीटरची चौकट, झुडपांसाठी पाच, झाडांसाठी दहा. दोऱ्यांना घरीच मोजून गाठी मारून ने. चौकट कुठे टाकायची तेही निघण्याआधी कागदावर ठरव — माळावर उभं राहिलं की पाय आपोआप फुलांकडे वळतात.

६. रेघ ओढण्याआधी माती चाचप — ओघळीकाठच्या खोल मातीत मारवेल, वर मुरमावर कुसळी. गवताची हद्द मातीनंच आखलेली असते.

७. मेंढरं घेऊन जाणारे धनगरमामा भेटले तर वही मिटून आधी बस, मग विचार. गवताचं नाव त्यांच्या तोंडून येईल तसं उतरव नि गावही लिही — एकाच नावाची दोन गवतं दोन गावांत निघतात.

८. जागेच्या अक्षांश-रेखांशाचा आकडा दशांशानंतर पाच घरं लिही — कुकसाहेबांनी १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला, पण त्यात कितीतरी झाडांचा पत्ता नुसता 'दख्खन, पुणे' एवढाच. ती जागा आज शोधायची कुठे?

९. पण कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही सापडलं, तर तोच आकडा फोटोबरोबर चारचौघांत पाठवू नकोस — कंद उकरणारेही तो वाचतात. एक नकाशा गावाला, एक कुलपाला.

१०. शोधूनही सापडलं नाही, तर तेही तारखेसकट लिही — पुढच्याला कळू दे, की तू पाहिलं होतंस.

११. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दगडापाशी उभी राहून फोटो काढ — वेडी बाभूळ पुढं सरकतेय का, हे डोळ्याला एका वर्षात दिसत नाही.

१२. आत जाण्याआधी नि बाहेर पडताना मोजे, पायजमा, टायर झटक — गाजर गवताचं बी आपणच वाहून नेतो.

१३. काम झालं की एक प्रत शिर्सुफळ-कडबनवाडीच्या पोरांनाही दे — तिकडचा माळ पाहुण्यांना तीच दाखवतात, नि चिंकाऱ्याबरोबर पवन्याही दाखवायला त्यांना आवडेल.

आश्विनात येशील तेव्हा लोणीला उतर. पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून तुझ्या वहीतली गवतं एकेक करून पाहू.