घाई आणि त्वरा

मुंबईतील काळाचौकी हा गिरणगावाचा एक भाग. येथील चाळींत एके काळी दिवस उगवे, तो गिरणीच्या भोंग्याने. पहाटे भोंगा झाला की घरोघरी दिवे लागत. कोणी नळावर पाणी भरी, कोणी चूल पेटवी. घरची माउली भाकरी थापून डबा भरी आणि तो हाती येताच कामगार झपाझप पावले टाकीत गिरणीकडे निघे. पाळीची वेळ टळली, तर रोज बुडण्याची धास्ती असे.

या एका सकाळीत मराठीचे किती शब्द सामावले आहेत, पाहा! माउलीची चाले ती लगबग. या शब्दात वेग आहे, तसा जिव्हाळाही आहे. ऐन वेळी डब्याचे झाकण सापडेनासे झाले की उडे ती धांदल. वाटेत स्नेही भेटला असता 'घाईत आहे, संध्याकाळी भेटू,' असे कामगार म्हणे. हाती वेळ थोडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरात कोणी एकाएकी आजारी पडले, तर मात्र डॉक्टरांना तातडीने बोलावीत. तातडी कामाच्या निकडीतून येते. उतावळेपणा मनातून येतो. त्याला कारण लागत नाही. म्हणूनच 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' अशी म्हण पडली.

'घाई' हा शब्द दुसऱ्या शब्दांशी जोडला गेला की नवे रूप घेतो. लग्नघरी असते ती लगीनघाई. विचार न करता कसेबसे उरकलेले काम म्हणजे घिसाडघाई. लढाई हातघाईवर येते, तेव्हा सैनिक एकमेकांना अगदी जवळून भिडलेले असतात.

मग घाई आणि त्वरा यांत भेद कोणता? मागावर विणताना सूत तुटे. कसलेला विणकर माग थांबवी, सुताचे टोक शोधी, गाठ मारी आणि माग पुन्हा चालू करी. सरावाच्या हाताला यास फार वेळ लागत नसे. ही त्वरा. 'एवढ्यासाठी माग कशाला थांबवावा?' असे म्हणून चालत्या यंत्रात हात घालणे, ही घाई. तीत क्षण वाचे. पण बोट गेले, तर साऱ्या घराची भाकरी जाई. त्वरेत हात चपळ असतो आणि मन स्थिर असते. घाईत मन हाताच्या पुढे धावते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले, घाई मात्र थांबली नाही. लोकल गाठण्यासाठी आजही कोणी पूल सोडून रूळ ओलांडू पाहतो. लवकर निघून पुलावरून भराभर चालणे ही त्वरा. रुळांत उतरणे ही घाई. हा भेद शब्दकोशात कळतो, पण उपयोगी पडतो तो अशा वेळी.

स्वाध्याय

१. तातडी व उतावळेपणा यांतील फरक सांगा.
२. विणकराच्या उदाहरणावरून त्वरा म्हणजे काय, ते लिहा.
३. वाक्यांत उपयोग करा : लगबग, धांदल, लगीनघाई, हातघाईवर येणे.
४. तुम्ही घाईने केलेले एखादे काम आठवा. ते त्वरेने कसे करता आले असते, ते पाच ओळींत लिहा.