टाकीतला शेजार

अगं भाचीबाई,

तू परवा रात्री पाठवलेला फोटो मी चष्मा लावून तीनदा बघितला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, लख्ख काच, धुतलेली वाळू आणि अजून एकही मासा नाही. फार बरं वाटलं. खाली तुझी यादी होती: ऑस्कर दोन, एंजल चार, निऑन वीस, ‘शार्क’ दोन आणि काच साफ करायला एक सकर. यादी वाचून फोनच करणार होतो. पण फोनवर तू “हो मामा, हो मामा” म्हणशील आणि रविवारी बाजारातून पिशव्या भरून आणशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहून काढतोय.

मी पस्तीस वर्षं टाक्या ठेवतोय. खाली लिहिलेली प्रत्येक चूक माझ्या हातून झाली आहे आणि तिची किंमत दर वेळी एखाद्या मुक्या जिवाने दिली आहे. तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी जात ओळखून घे. तुझ्या यादीतले ऑस्कर आणि एंजल हे सिक्लिड, तर ‘शार्क’ आणि सकर हे कॅटफिश. सिक्लिड म्हणजे काही फार परकं प्रकरण नाही. गोव्यात रवा लावून तळतात ती काळुंदर सिक्लिडच, आणि उजनीच्या काठी भिगवणला ताटात येते ती चिलापीही सिक्लिडच. ही सगळी मंडळी संसारी. अंडी राखतात, पिल्लं राखतात, काही तर पिल्लं तोंडात घेऊन फिरतात. संसार म्हटला की जागा लागते आणि जागेवरून भांडण होतं. सिक्लिडचा राग असा घरातून येतो, हे लक्षात ठेवलंस तर पुढचं सगळं सोपं आहे. कॅटफिशचं उलट. ही तळाची, रात्रीची, गप्प राहणारी मंडळी. त्यांना त्रास झाला तरी सहसा दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडे आपणच बघायचं.

१. दुकानातला मासा बघून यादी करू नकोस, तीन वर्षांनंतरचा मासा डोळ्यांपुढे आण — ऑस्कर दोन इंचांचा मिळतो आणि वर्षभरात फुटाच्या जवळ जातो. दुकानात बोटाएवढा, घरात हाताएवढा.

२. ‘शार्क’ आजच खोडून टाक — तो शार्क नसून आग्नेय आशियातल्या मेकाँगसारख्या नद्यांतला पंगस हा कॅटफिश आहे, हॉटेलात ‘बासा’ म्हणून ज्याची तुकडी मिळते तोच. मीटरभराच्या वर वाढतो, आणि दचकला की काचेवर तोंड आपटून घेतो.

३. लाल शेपटीचा गोजिरवाणा कॅटफिश दिसला तरी हात मागे घे — तोही मीटरभराचा होतो, आणि टाकीतले बाकीचे सगळे त्याच्या पोटात जातात.

४. घेण्याआधी मोठ्याच्या तोंडाचं आणि लहानाच्या अंगाचं माप घे — एंजल साधा दिसतो, पण अमेझॉनकडे निऑनसारखे चिमुकले मासे हेच त्याचं खाणं असतं. तोंडात मावतो तो सोबती नव्हे, घास.

आता हा घास कधी उलटतो, ते सांगतो. माझ्या चार फुटी टाकीत एक ऑस्कर होता, वितीपेक्षा मोठा. त्याच्या सोबतीला मी सहा कोरी, म्हणजे तळाला राहणारे चिमुकले कॅटफिश, सोडले, खाली पडलेलं खाणं टिपतील म्हणून. महिनाभर सगळं ठीक. एका पहाटे दूध घ्यायला उठलो, दिवा लावला, तर ऑस्कर कोपऱ्यात तिरका उभा. जबडा उघडा, कल्ले फाकलेले, आणि तोंडातून कोरीची ठिपक्यांची शेपटी बाहेर आलेली. कोरीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात. जिवावर बेतलं की तो ते ताठ करून कडी घातल्यासारखे अडकवून ठेवतो. तुझ्या मामीने ऑस्करला ओल्या पंचात धरलं, मी नखं कापायच्या कटरने एकेक काटा तोडला. तीनदा कट्ट असा आवाज आला. कोरी आधीच गेला होता. ऑस्करने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, मग सावरला. बाजारात कोळीण शिंगाळा देताना आधी काटे मोडून देते, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. टाकीतल्या बोटभर कोरीलाही तेच हत्यार असतं, हे मात्र मला त्या पहाटे कळलं.

५. ऑस्करबरोबर कोरी कधीही ठेवू नकोस — एकाच घासात दोघे जातात.

६. कुठलाही कॅटफिश पकडताना जाळी वापरू नकोस, प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्याला आत घे — काटे जाळीत गुंततात, सोडवताना पर फाटतो, आणि तुझ्या बोटात रुततो तो वेगळाच.

७. दोन मासे एकत्र ठेवण्याआधी त्यांच्या पाण्याचं गाव विचार — एंजल, डिस्कस, ऑस्कर, कोरी हे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याचे, तर आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका तळ्यांतले सिक्लिड जड पाण्याचे, त्यांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो. माशाचं नाव नंतर, पाण्याचं गाव आधी.

८. तुमच्या इमारतीत नळाचं पाणी येतं की बोअरचं, ते बघ आणि साध्या किटने तपासून घे — पाण्याशी भांडून मासे पाळण्यापेक्षा आहे त्या पाण्याला मानवणारे मासे आणणं सोपं आणि स्वस्त.

९. कोकणातून आणलेल्या शिंपल्या तुझ्या टाकीत सजवू नकोस — त्यांतला चुना हळूहळू सुटतो आणि पाणी जड होतं. मलावीच्या टाकीला ते चालतं, एंजलला नाही.

१०. काळुंदर घरात पाळायची हौस कधी आली, तर तिला कोरीचा शेजार देऊ नकोस — ती खाडीच्या मचूळ पाण्यातली, आणि ते मीठ कोरीला सोसत नाही.

११. टाकी म्हणजे तीन मजली चाळ समज आणि भाडेकरू मजल्यानुसार ठेव — एंजल मधल्या मजल्यावर, कोरी तळमजल्यावर, असं असलं की एकमेकांच्या दारात कुणी उभं राहत नाही.

१२. कॉन्व्हिक्ट नावाचे काळ्या पट्ट्यांचे सिक्लिड कुणी फुकट दिले तरी जोडी आणू नकोस — अंडी घातली की नर-मादीचा संसार अख्खी टाकी आपली मानतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंबतो.

१३. एंजल घ्यायचे तर लहान पाच-सहा घे, आणि त्यांतली जोडी आपणहून जमली की उरलेल्यांसाठी दुसरं घर बघ — नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, आणि आपण लावलेलं लग्न ते मानत नाहीत.

१४. नवा मासा सोडायच्या दिवशी आधी दगड-लाकडं हलवून मांडणी बदल, मग दिवा बंद करून त्याला सोड — जुन्यांच्या हद्दी मोडल्या की सगळेच त्या रात्री पाहुणे होतात. जागा हलली की मालकी हलते.

१५. फ्लॉवरहॉर्न आवडला तर तो एकटाच ठेव, आणि त्याच्यासाठी टाकी वेगळी घे — माणसाने संकर करून घडवलेला हा मासा आपल्याच जातीच्यालाही सोडत नाही. एकट्याचा राजवाडा त्याला मानवतो.

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या रंगीत माशांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि ते मला उशिरा उमगलं. त्यांना एम्बुना म्हणतात. मी पहिल्यांदा चारच आणले, प्रेमाने, ऐसपैस जागा देऊन. त्यांतल्या तगड्या नराने एकेक करून तिघांना संपवलं. नंतर एका अनुभवी माणसाने समजावलं की ह्यांना थोडी गर्दीच लागते. मोठी टाकी, भरपूर कपारी, दमदार फिल्टर, आणि एका नरामागे तीन-चार माद्या असं बरंच कुटुंब ठेवलं की राग एकाच्याच डोक्यावर पडत नाही, वाटून जातो. मादी अंडी तोंडात घेऊन तीनेक आठवडे उपाशी फिरते. तिचा घसा फुगलेला दिसला की तिला त्रास देणारा नर आणि ती यांच्यामध्ये एक दगड जास्त ठेवावा, एवढंच आपलं काम. त्यांच्या तळमजल्याला कॅटफिश हवा असेल तर आफ्रिकेचाच सिनोडॉन्टिस बघावा. तो अंगाने दणकट आणि त्याच जड पाण्यात रमणारा. टांगानिकात तर त्याची एक जात आपल्या कोकिळेसारखी वागते. सिक्लिड मादी अंडी घालून तोंडात उचलत असताना ही मधेच आपली अंडी सोडते. मादी तीही तोंडात घेते. कॅटफिशची पिल्लं आधी फुटतात आणि आईच्या तोंडातच तिची पिल्लं खातात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ टाकीपुढे बसून राहिलो होतो.

१६. एम्बुनाला मांसाचं खाणं घालू नकोस, शेवाळाच्या गोळ्या घाल — ते दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात, जड खाण्याने पोट फुगून मरतात. त्यांच्याबरोबर निव्वळ मांसाहारी सोबती न ठेवण्याचं कारणही हेच.

आता तुझा सकर. “हा काच साफ करतो, याला खायला लागत नाही,” असं एका दुकानात मला सांगितलं होतं, तुलाही कुणीतरी सांगितलं असेल. दोन्ही अर्धवट खरं. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की आळसावतो, फूट-दीड फुटाचा होतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. उपाशी राहिला तर रात्री एंजल किंवा डिस्कसच्या चपट्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. माझ्या एका एंजलच्या कुशीवर सकाळी नाण्याएवढे पांढरे चट्टे दिसायचे. मी पंधरा दिवस औषधं घालत राहिलो. एका रात्री दोन वाजता टॉर्च मारला तेव्हा चोर सापडला.

१७. सकरऐवजी ब्रिसलनोज नावाचा छोटा कॅटफिश घे, एकच पुरे — तोही काच चाटतो, पण चार-पाच इंचांपेक्षा फार वाढत नाही. थोराड नराच्या नाकावर झुडपासारख्या मिश्या येतात, त्यावरून तो ओळख.

१८. त्याला एक लाकूड दे आणि आठवड्यातून दोनदा काकडीची चकती, सकाळी उरलेली काढून टाक — साफसफाईवर ठेवलेल्यालाही जेवण लागतं.

१९. कोरी सहा तरी घे आणि तळाला मऊ वाळूच ठेव — एकटा कोरी लपून राहतो, आणि टोकदार खडीवर त्याच्या मिश्या झिजून गळतात. मधूनच सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेताना दिसला तर घाबरू नकोस, ती त्याची रीतच आहे.

२०. कॅटफिशच्या बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाक — उजेडात टाकल्यास त्या सिक्लिडच फस्त करतात आणि खालचा उपाशी झोपतो. रात्रीच्या पंगतीला रात्रीच वाढावं.

२१. टाकीत औषध किंवा मीठ घालायची वेळ आली आणि आत कॅटफिश असला, तर निम्म्या मापाने सुरुवात कर, तांब्याचं औषध तर घालूच नकोस — त्याच्या अंगावर खवले नसतात, औषध त्याला लवकर चढतं.

२२. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेव — पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका पिशवीतून येतो आणि सगळ्या घराला लागतो.

२३. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप कपाटात तयार ठेव — वीज गेली की गर्दीच्या टाकीत आधी मोठे मासे वर येऊन धापा टाकतात.

२४. एखादा मासा जड झाला तरी नदीत, विहिरीत, तलावात सोडू नकोस, मला दे — असे सोडलेले सकर देशात अनेक ठिकाणच्या पाण्यात माजले आहेत, कोळ्यांची जाळी फाडतात आणि तिथल्या माशांच्या तोंडचं पळवतात.

तुझ्या टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे दोन ऑस्करचा विषय संपला. एकाच ऑस्करला चार फुटी, अडीचशे लिटरची टाकी हवी. एंजल, सहा कोरी आणि एक ब्रिसलनोज एवढं कुटुंब तुझ्याकडे सुखाने नांदेल. पाणी २६ अंशांच्या आसपास ठेव आणि दर आठवड्याला पाव टाकी बदल, नळाचं पाणी क्लोरीन काढूनच. निऑन मात्र आणू नकोस. एंजल मोठे झाले की त्यांना खातील आणि तुला रडवतील.

पण रविवारी बाजारात जायचं नाहीये. नव्या टाकीत माशांची घाण पचवणारे जंतू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. येताना माझ्या जुन्या फिल्टरमधला अर्धा स्पंज टाकीतल्याच पाण्यात भिजवून डब्यात आणीन. तो काळा, चिकट दिसेल. मामीसारखं नाक मुरडून नळाखाली धरू नकोस, तसाच तुझ्या फिल्टरमध्ये बसवायचा आहे. आणि तोवर फिल्टर चालूच ठेव, रात्रीही.