पाय किती वेळा उचलावा लागतो?

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, सात वर्षं झाली, छकुलीला घेऊन दवाखाना आणि थेरपी सोडून कुठे गेलोच नाही आम्ही. तिला एकदा समुद्र दाखवायचाय." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून देते. तुझ्या दादाला घेऊन आम्ही पंचवीस वर्षं हिंडतोय. तो सहा वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा कोकणात नेला, आज एकतीस वर्षांचा आहे. छकुलीसारखाच, मान धरायला उशीर, बसायला आधार लागतो, घास बारीक करून भरवायचा. त्यामुळे मी सांगते ते सगळं आमच्या अंगावरून गेलेलं आहे.

पहिल्या खेपेला आम्ही साफ फसलो. पुण्यात बसून खोली ठरवली. "तळमजला आहे ना?" विचारलं, "हो, तळमजलाच" असं उत्तर आलं. सहा तास प्रवास करून संध्याकाळी पोचलो आणि मी गाडीतच बसून राहिले. कोकणातलं घर पावसासाठी उंच जोत्यावर बांधलेलं असतं, हे मला ठाऊक असूनही सुचलं नव्हतं. खळ्यातून पडवीला तीन पायऱ्या, पडवीतून ओटीला एक, ओटीवरून आत उंबरठा, आणि न्हाणीघर तर मागच्या बाजूला, चार पायऱ्या उतरून. तळमजला होता, पण जमिनीला टेकलेला नव्हता. तीन दिवस तुझ्या काकांनी त्याला दोन्ही हातांवर उचलून नेलं-आणलं. परत आल्यावर ते महिनाभर कंबर धरून होते. घरमालकाने काही खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं ते चुकीचं होतं.

म्हणून पहिला कानमंत्र हा, की "सोय आहे का?" असं कुणाला विचारायचंच नाही. आपल्याकडे कुणी "नाही" म्हणत नाही. "सगळी सोय आहे ताई, व्हीलचेअरवाले येतात आमच्याकडे," असंच ऐकायला येतं, आणि तेही मनापासून. जो माणूस रोज उंबरठा ओलांडतो त्याला तो दिसत नाही. मी काय विचारते ते सांगते. मागच्या वर्षी मुरूडला, म्हणजे दापोलीजवळच्या मुरूडला, एका ठिकाणी फोन केला तेव्हा असं झालं:

"पायऱ्या किती?"

"पायऱ्या नाहीतच काकू."

"गाडीतून उतरून पलंगापर्यंत जाताना पाय किती वेळा उचलावा लागतो?"

"तो... थांबा हां, बघून येतो." थोड्या वेळाने, "चार वेळा."

पायरी मोजायला सांगितलं तर माणूस जिना आठवतो, पाय उचलायला लागतो का विचारलं तर उठून बघायला जातो. आणि हे बुकिंगच्या ऑफिसात बसलेल्याला विचारू नकोस. जागेवर राहणाऱ्या माणसाला विचार, त्याचा नंबर मागून घे. मग त्याला म्हणावं, भाऊ, मोबाइलवर व्हिडिओ काढा, फाटकापासून चालत या, खोलीत शिरा, संडासाचं दार उघडा, आत जा, दार लावा. थांबू नका, बोलू नका, नुसते चाला. दोन मिनिटांच्या त्या चित्रात सगळं कळतं. चिऱ्यांची फरशी उखडलेली आहे का, पलंग भिंतीला चिकटवता येईल का, सगळं.

मग टेप लावायला सांगायची. छकुलीच्या खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी तू स्वतः मोज, चाकाच्या कड्यांसकट. मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर पंचवीस इंचांच्या आसपास भरते, तिची लहान असेल. दार उघडं ठेवून मधली मोकळी जागा मोजायची, चौकट मोजायची नाही, कारण दाराची जाडी इंच-दीड इंच खाते. केंद्र सरकारच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, सांगितलेली आहे. पण आपल्याकडच्या घरगुती निवासात न्हाणीघराचं दार दोन-सव्वादोन फुटांचंच मिळतं. म्हणून निराश होऊ नकोस. मुरूडला दार आत उघडत होतं, खुर्ची आत गेली की दार लागेना. मी मालकांना म्हटलं, हे दार बिजागरीतून उतरवता येईल का, आम्ही पडदा लावू. त्यांनी सुताराला बोलावलं, अर्ध्या तासात दार काढून पडवीत उभं केलं. चार दिवस जाड पडद्यावर निभावलं. लोकांना काय करायचं ते नेमकं सांगितलं की ते करतात. "जरा ॲडजस्ट करा" म्हटलं तर त्यांना काही कळत नाही, आणि वाईट मात्र वाटतं.

उंबरठ्यासाठी फळी ने. हिशेब सोपा आहे: एक इंच चढाला एक फूट फळी. चार इंचांच्या उंबरठ्याला चार फूट. याच हिशेबाने तीन पायऱ्यांना अठरा-वीस फूट लागतील, तेवढी फळी कुणी नेत नाही. तीन पायऱ्या असतील तर खुर्ची दोघांनी उचलायची. खुर्ची पाठमोरी न्यायची, छकुलीचं तोंड उताराकडे. वरच्या माणसाने मुठी धरायच्या, खालच्याने पुढची लोखंडी चौकट. हात ठेवायच्या पट्ट्या किंवा पाय ठेवायच्या पाट्या धरू द्यायच्या नाहीत, त्या निघून हातात येतात. जावईबापूंना हे घरीच, रिकाम्या खुर्चीवर, दोनदा करायला लाव. आणि तिथल्या एखाद्या गड्याला चार दिवसांची मजुरी आधी ठरवून सकाळ-संध्याकाळ हाताशी घे. फुकटची मदत पहिल्या दिवशी धावून येते, तिसऱ्या दिवशी तिला हाक मारायला आपल्यालाच संकोच वाटतो.

पलंगाचं म्हणशील तर मला खाली गादी घातलेलीच आवडते. पडायची भीती नाही, आणि तूही शेजारी आडवी होशील. पण तुझे गुडघे-कंबर विचारात घे, रोज वीसदा खाली वाकणं सोपं नाही. पलंग घ्यायचाच तर एक बाजू भिंतीला लावायची, दुसऱ्या बाजूला रजईची घट्ट वळकटी करून चादरीखाली सारायची. तिच्या घरच्या दोन उशा ने. ओळखीच्या वासाची उशी नसेल तर ही मुलं पहिली रात्र झोपत नाहीत. कूस बदलायला एक जाड सुती चादर तिच्या अंगाखाली कायम असू दे, दोघांनी दोन टोकं धरली की अलगद झोळी होते. मच्छरदाणीही घरचीच ने. कॉइलच्या धुराने तिच्या छातीत कफ धरेल.

अंघोळीला हात टेकायच्या पट्ट्या असलेली प्लॅस्टिकची खुर्ची बहुतेक ठिकाणी मिळते. मी जुन्या सुती साडीचा रुंद पट्टा त्याच्या छातीखालून मागे बांधायची, ओला झाला तरी टोचत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात न घालता कोपर बुडवून बघायचं. तिला चटका बसला तर ती सांगू शकत नाही, हे परक्या न्हाणीघरात घाईत विसरायला होतं.

विजेबद्दल एकच प्रश्न नीट विचार. "इन्व्हर्टर आहे का?" हा नव्हे. "इन्व्हर्टरवर या खोलीतला कुठला प्लग चालतो?" हा. बहुतेक ठिकाणी एक पंखा, एक दिवा, बस्स. छकुलीचं सक्शन मशिन लागणार असेल तर ते जाण्याआधी पूर्ण चार्ज, आणि पायाने चालवायचं किंवा हाताने ओढायचं साधन बरोबर. घास बारीक करायचा मिक्सर स्वयंपाकघरात त्यांच्याकडे असतोच, तो वापरू देतील. खानावळीच्या ताईंना आदल्या दिवशी सांगितलं की मऊ भात, वरण, तूप, उकडलेला भोपळा हमखास मिळतो. मासे मात्र तिला देऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी. बारीक काटा मिक्सरमधूनही वाचतो.

औषधं लागतील त्याच्या दुप्पट घ्यायची आणि दोन पिशव्यांत वाटायची, एक तुझ्या मांडीजवळ, एक डिकीत. फिटचं औषध एका वेळेलाही चुकवायचं नाही. डॉक्टरांनी दिलेला नाकात मारायचा फवारा तुझ्या पर्समध्येच हवा. डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे: निदान, औषधं, डोस, फिट किती मिनिटं चालली तर काय करायचं. त्याचा फोटो जावईबापूंच्या मोबाइलमध्येही असू दे. मुरूडलाच गेलात तर दापोली गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरूडहून गाडीने जाता येतं, जाताना वाटेत ते एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. 108 ला फोन लागतो, पण किनाऱ्यावर काही ठिकाणी रेंजच नसते. खोलीत कुठे उभं राहिलं की फोन लागतो हे पोचल्या पोचल्या बघ.

वाटेतल्या ताम्हिणी घाटाआधी दोन तास तिला काही भरवू नकोस, आणि भरवल्यावर अर्धा तास ताठ बसवून ठेव. घाटात वळणावर तिचं अंग एका बाजूला कलतं, दोन्ही कुशीत गुंडाळलेले टॉवेल लाव. डायपर बदलायला वाटेत जागा मिळत नाही, सात वर्षांच्या मुलीला झोपवता येईल असं फळकूट हायवेच्या कुठल्याही स्वच्छतागृहात मला दिसलेलं नाही. मागची सीट मोकळी ठेव, खिडक्यांना ओढण्या अडकव, आणि चटई हाताशी ठेव. ती मोठी होतेय, तिची लाज आपण राखायची.

आता कधी जायचं. मे महिन्यात मुळीच नको, उकाड्याने अशा मुलांचं अंग तापतं आणि फिट ओढवते. मार्गशीर्ष-पौषात जा, एकतीस डिसेंबरची गर्दी टाळून, सोमवार ते गुरुवार. मधल्या वारी मालकाला तुमच्याकडे बघायला वेळ असतो. आणि तिथी बघून जा. हे मला एका कोळीणमावशींनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती, आणि साधारण सहा तासांनी, उन्हं कलता कलता, ओहोटी. अष्टमीला बरोबर उलटं, संध्याकाळी सहाला समुद्र दारात. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या पुढच्या-मागच्या दोन दिवसांत गेलात तर संध्याकाळी ओली, घट्ट वाळू मैलभर उघडी पडते आणि तिच्यावर खुर्ची चालते. तरी त्या दिवशीची वेळ तिथल्या कोळ्याला विचारूनच उतरा, आणि पाणी फिरलं की परतायचं.

वरच्या कोरड्या वाळूत पुढची लहान चाकं रुततात. तिथे खुर्ची मागे कलवायची, मोठ्या चाकांवर घ्यायची आणि उलट्या पावली ओढत न्यायची. रोज परत आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुऊन पुसायची, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. पंक्चर झालं तर गावातला सायकलवाला काढून देतो.

तिला एकदम लाटेत नेऊ नकोस. गार पाणी लागलं की हातपाय ताठतात. तुझ्या दादाला मी आधी ओल्या वाळूवर मांडीत घेऊन बसले होते, पावलं नुसती वाळूत. त्याच्या मुठी तेव्हा कायम आवळलेल्या, अंगठा आत. एक पातळ लाट आली आणि त्याच्या टाचांखालची वाळू सरकवून गेली. त्याने श्वास रोखला. दुसऱ्या लाटेला हसला. मी त्याच्या मुठीजवळ ओल्या वाळूचा गोळा धरला, तर हळूहळू अंगठा बाहेर आला. थेरपिस्टकडे सहा महिने ज्यासाठी झटत होतो, तो अंगठा. पुण्यात परतल्यावर पुन्हा आत गेला, पण मी तो बाहेर आलेला पाहिला होता.

लोक बघतील. बघू दे. एका ठिकाणी मॅनेजर मला म्हणाला, "तुमच्या मुलाचं ताट खोलीत पाठवतो, बाकीच्यांना जरा..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. मी म्हटलं, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा वाचा, अपंगत्वावरून असा भेद करता येत नाही, आणि आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहोत. आवाज चढवला नाही. बसलो, जेवलो. तूही बस. तिला भरवताना तोंड भिंतीकडे करून बसू नकोस.

पुढे कधी गोव्याला जायचं ठरलं तर रेल्वेचा सवलतीचा दाखला आधी काढून ठेव. सोबतीशिवाय प्रवास करता न येणाऱ्यांना आणि त्यांच्या सोबत्याला स्लीपरला आणि थ्री-टायर एसीला भाड्यात 75 टक्के सूट मिळते. सरकारी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, त्याला वेळ जातो. विमानाला 48 तास आधी कळवावं लागतं. ते सगळं तेव्हा बघू.

आणि एक, जावईबापूंना सांग की एका दुपारी छकुली त्यांच्याकडे. तू एकटी समुद्रावर जा, तासभर. पहिल्या सहलीत मी गेले नव्हते, मला ते फार नंतर सुचलं.

फळी विकत घेऊ नकोस. आमची चार फुटांची माळ्यावर आहे, एका टोकाला काकांनी सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा ठोकलाय, म्हणजे घसरत नाही. तुमच्या डिकीत तिरकी बसेल. रविवारी या आणि घेऊन जा. येताना छकुलीची खुर्चीही आणा, टेप मी काढून ठेवते.