बिघडलेला मोबाईल : दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा?

तेलाचें इंजिन बंद पडलें म्हणजे शहाणा शेतकरी तें लागलीच मोडींत घालीत नाहीं. पिस्टनची रिंग गेली कीं सिलिंडरलाच चीर पडली, हें तो आधीं पाहतो. खिशांतील मोबाईल बिघडला असतां मात्र हीच मंडळी एक तर घाबरून दुसऱ्या दिवशीं नवा घेतात, नाहीं तर तीन तीन वेळां पैसे ओतून जुनाच चालवीत बसतात.

सन २०२१ पासून ई-पीक पाहणी खातेदाराच्या हातीं आल्यामुळें हा प्रश्न केवळ करमणुकीच्या वस्तूचा राहिलेला नाहीं. पिकाचें छायाचित्र शेतांत उभें राहून घ्यावें लागतें. कॅमेरा अगर ठिकाण दाखविणारी यंत्रणा चालत नसेल तर नोंद अडते. तथापि मुदतीच्या धाकानें खरेदी करूं नये. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करितां येते. शेजाऱ्याचा मोबाईल घेऊन नोंद उरकावी व मग आपल्या यंत्राचा विचार शांतपणें करावा.

प्रथम बिघडलें काय तें ओळखावें. चार्जिंग होत नसेल तर पुष्कळदां भोंकांत खिशांतील धूळ व तंतु दडपून बसलेले असतात. मोबाईल बंद करून लांकडी काडीनें तें अलगद साफ करावें. टाचणी घालूं नये. बॅटरी हा तर झिजणाराच भाग आहे. सुमारें ५०० वेळां पूर्ण भरून रिकामी झाल्यावर तिची शक्ति सामान्यतः मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. बाकी सर्व ठीक असेल तर ती बदलणें हा बहुधा सर्वांत फायद्याचा सौदा होय. मात्र ती फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवावें; दाबूं अगर टोंचूं नये, ती पेट घेते. पडदा फुटल्यास खर्च अधिक. बऱ्याच मोबाईलांत वरची काच व आंतील पडदा एकत्र चिकटविलेले असतात, सबब नुसती काच तडकली तरी सबंध जोड बदलावा लागतो.

पाण्याचें प्रकरण सर्वांत फसवें. माझाच मोबाईल एका पावसाळ्यांत पाटांत पडला. मीं तो पुसला, चालू आहे असें पाहून आनंदलों व रात्रीं चार्जिंगला लाविला. सकाळीं तो मेलेला. तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारानें पैसे घेऊन साफ करून दिला, तो नऊ दिवस चालला व कायमचा निजला. त्यांत बांधाच्या वादांतील मोजणीच्या खुणांचीं छायाचित्रें होतीं. ज्यानें आयुष्यभर सरकारी दप्तराच्या नकला राखिल्या, त्यानें स्वतःच्या दप्तराची एकही नक्कल ठेविली नव्हती! त्या खुणा पुढें पुरांत वाहून गेल्या आणि भावकींतील तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

तेव्हां मोबाईल पाण्यांत पडतांच बंद करावा, सिमकार्ड काढावें, पुसून मोकळ्या हवेंत ठेवावा आणि वाळेपर्यंत वीज देऊं नये. तांदळांत पुरून ठेवण्याची रीत व्यर्थ आहे. बारीक कण आंत शिरतात, म्हणून ॲपल कंपनीनेंही सन २०२४ मध्यें तसें न करण्याविषयीं बजाविलें. खताचें पाणी साध्या पाण्याहून वाईट, कारण क्षारांनीं आंतील धातु लवकर गंजतो. असा मोबाईल दुरुस्तीनें उठला तरी भरंवसा धरूं नये. उठतांच छायाचित्रें, पावत्या व नंबर दुसरीकडे उतरून घ्यावे.

आतां हिशेब. समजा, तसाच नवा मोबाईल रु. १२,००० ला पडतो व चार वर्षें टिकतो. म्हणजे दरसाल रु. ३,०००. जुन्याच्या पडद्यास रु. ३,००० लागून तो आणखी दोन वर्षें निभावणार असेल तर दरसाल रु. १,५०० च येतात. तेथें दुरुस्तीच योग्य. पण बॅटरीही उतरली असेल व कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्या असतील, तर तेच रु. ३,००० जेमतेम एका वर्षासाठीं गेले असें समजावें. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात त्या मोबाईलास या दुरुस्त्या मिळत राहणें अगत्याचें आहे. काहीं महाग मोबाईलांना सन २०२३-२४ पासून त्या सात वर्षें देण्याचें कंपन्यांनीं जाहीर केलें. स्वस्त मोबाईलांना पुष्कळदां दोन-तीनच वर्षें मिळतात. खरेदीच्या वेळीं कोणी हें विचारीत नाहीं, रंग मात्र विचारतात.

वापरलेला मोबाईल घेणें असल्यास *#०६# दाबून त्याचा आय.एम.ई.आय. क्रमांक पाहावा. के.वाय.एम. हीं इंग्रजी अक्षरें, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला म्हणजे तो क्रमांक बाद केलेला आहे किंवा कसें तें कळतें. चोरीचा माल स्वस्तच मिळतो.

दुरुस्तीस देतांना सिमकार्ड काढून घ्यावें, बँकेचें ॲप आधीं काढून टाकावें, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावतीवर भागाचें नांव व हमीची मुदत लिहवून घ्यावी.