ओरखड्यासाठी विमा वापरावा का?

प्रश्न : खांबाला घासून कारच्या बंपरला ओरखडा आला. खर्च ६,००० रुपये. क्लेम करावा का? (बोनस ५० टक्के आहे.)

उत्तर : करू नका. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात; हाती येणार फार तर ५,०००. उलट नूतनीकरणात नो क्लेम बोनस शून्यावर. ‘ओन डॅमेज’चा मूळ हप्ता १२,००० धरला, तर पुढच्याच वर्षी ६,००० जादा, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर पोचायला बिनक्लेमची पाच वर्षं. ‘झिरो डेप आहे की!’ असं वर्कशॉपवाला म्हणेल. पण ते कवच घसाऱ्यापुरतं, बोनस राखायला वेगळं ॲड-ऑन लागतं. राहिली गंजाची भीती, तर प्लास्टिकचा बंपर गंजत नाही. (दाराचा पत्रा उघडा पडला असता तर, त्यातही कोकणात, घाई करा म्हटलं असतं.) आधी ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर रबिंग-पॉलिशवर भागेल.